नौतपातलं वाळवण

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. मे सरत आला, सूर्य रोहिणीत गेला, की दरवर्षी मनाशी म्हणायचो, यंदा सांगून टाकू. मग नौतपाचे ते नऊ तापलेले दिवस सरायचे, मृगाचे ढग दिसू लागायचे आणि माझी घाईही ओसरायची. पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं म्हणत एक माणूस म्हातारा होऊ शकतो. मी झालो. आता पुढच्या नौतपाचा भरवसा मला नाही. डॉक्टरांनाही नसावा, ते फक्त तसं बोलत नाहीत.

जबलपूरचा नौतपा ज्यांनी काढला आहे त्यांना त्याचं वर्णन नको. सकाळी नऊलाच भिंती बोटाला चटका देतात. दुपारी सदरचा बाजार शटरं अर्धी ओढून पडलेला असतो. मदन महलच्या टेकडीवरचे काळे दगड दिवसभर ऊन पितात आणि दिवेलागणीनंतर ते आमच्या घरांवर ओततात. घराघरात कुलरची घरघर, भिजलेल्या खसाचा वास, आणि टाकीत पाणी आहे का, हा एकच प्रश्न.

माझ्यासाठी यंदा हा प्रश्न वेगळा आहे. मूत्रपिंडं थकली, तेव्हापासून माझं पाणी मोजून मिळतं. स्वयंपाकघरात माझा एक वेगळा पेला आहे. दिवसभरात त्यात जेवढं मावतं तेवढं माझं. फार घसा सुकला तर बायको बर्फाचा खडा जिभेवर ठेवते आणि तो पुरता विरघळेपर्यंत समोर बसून राहते, मी दुसरा मागू नये म्हणून. कुलरमध्ये पाणी झिरपतं त्याचा आवाज मी डोळे मिटून ऐकतो. नर्मदा इथून ऑटोच्या अंतरावर वाहते आहे, आणि मी बर्फाच्या खड्याचा हिशेब करतो आहे.

ठरलेल्या दिवशी मला डायलिसिसला नेतात. ओमतीच्या चौकात ऑटो हमखास अडकतो, गरम वारा तोंडावर येतो, ऑटोवाला मागे वळून म्हणतो, "बस, निकल गए बाबूजी." मग तो थंड हॉल, ओळीने पलंग. माझ्या पलंगाशेजारी एक पारदर्शक नळकांडं लावतात. त्यात केसासारख्या पोकळ नळ्यांची जुडी असते. रक्त नळ्यांमधून जातं, नको ते भिंतीतून बाहेर झिरपतं, जास्तीचं पाणी काढून घेतलं जातं. ते नळकांडं पुन्हा वापरायचं असतं, म्हणून त्यावर माझं नाव लिहून, औषधी पाण्याने काठोकाठ भरून ठेवतात. कोरडं पडू देत नाहीत. काहून, ते मला कोणी सांगायची गरज नाही. मला ते फार आधीपासून ठाऊक आहे. तिथे प्रत्येक माणसाचं एक 'ड्राय वेट' ठरलेलं असतं, जास्तीचं पाणी निघून गेल्यावर उरणारं वजन. वजनकाट्यावर उभा राहिलो की तो शब्द कानावर येतो, आणि मी मनाने त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

ती खिडकी आमच्या प्रयोगशाळेची. छत्तीसगड वेगळं झाल्यानंतरची ती वर्षं होती. मी रसायनशास्त्र शिकवत होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. नॅनोनळ्यांचं काम तेव्हा नवीन होतं आणि प्रकल्प मिळत होते, म्हणून मीही एक घेतला. खरं म्हणजे माझं आयुष्य क्षारांच्या स्फटिकांत गेलेलं, या विषयात मी विद्यार्थ्यांइतकाच नवखा. मात्र विद्यार्थ्यांना ते कळू नये अशी काळजी घेत होतो.

काम असं होतं. कार्बनचा एका अणूइतका पातळ पत्रा गुंडाळला की नळी होते, इतकी बारीक की एका केसाच्या जाडीत अशा हजारो नळ्या शेजारी शेजारी मावतील. तिच्या पोटातून पाण्याचे रेणू एकामागून एक जातात, शाळेतली मुलं हात धरून रस्ता ओलांडतात तसे. गंमत अशी, की या नळीच्या भिंतीला पाण्याबद्दल काही प्रेम नाही. ती पाण्याला धरत नाही, म्हणून पाणी तिच्यातून सुसाट निसटतं. मला हे तेव्हाही विचित्र वाटलं होतं आणि आता म्हातारपणी अधिकच वाटतं, की जिथे कोणी धरून ठेवत नाही तिथूनच पाणी सर्वांत वेगाने जातं.

पण अशा नळीत पाणी शिरायलाच कां-कूं करतं, आणि खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवायचं असेल तर दारावर कोणीतरी हवं. म्हणून नळ्या तीव्र आम्लात उकळायच्या. तांबूस धूर निघायचा, डोळे चुरचुरायचे. आम्ल नळीची टोकं कुरतडतं आणि त्या जागी पाण्याची ओढ असलेले गट जोडले जातात. ते पाण्याला बोलावतात आणि बरंचसं मीठ दारातूनच परत पाठवतात. मग या नळ्या पातळ पडद्यात बसवायच्या, आणि एका बाजूने खारं पाणी दाबलं की दुसऱ्या बाजूने गोडं थेंब थेंब पडायला हवं.

माझं म्हणणं होतं, जास्त वेळ उकळा, जास्त गट जोडले जाऊ देत, जास्त पाणी येईल. हे खोडून काढलं विभाने.

विभा माझ्याकडे पीएच.डी. करत होती. लग्न झालेलं, नवरा फॅक्टरीत, तन्वी नावाची बालवाडीतली मुलगी, सासूबाई कडक. मूळची आमच्यासारखीच वऱ्हाडाकडची माणसं, दोन पिढ्या जबलपुरात मुरलेली. प्रयोगशाळेत बाकी सगळ्यांशी हिंदीत बोलायची, माझ्याशी मराठीत.

"सर, दारात कोणी 'या' म्हटलं तं पाणी आत येईल," ती म्हणाली. "पण आतमध्येही जागोजागी 'बसा, चहा घ्या' म्हणून राहिले, तं पाणी पुढे जाईल काहून?"

मी हसलो.

"हसू नका सर. आमच्या गल्लीत तसंच होते. घरून निघाली की प्रत्येक दारात थांबा लागते. म्हणून इथे यायला उशीर होते."

तिने नळ्या थोडाच वेळ उकळल्या. फक्त तोंडाशी गट, आतली भिंत तशीच गुळगुळीत. नळ्या मिसळलेला घट्ट द्रव काचेवर पसरून ती काच पाण्यात बुडवायची. मग पाण्यात सायीसारखा राखाडी पडदा सुटून यायचा. आम्ही सगळे मेम्ब्रेन म्हणायचो, ती पापुद्रा म्हणायची. ते पापुद्रे ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत पाण्यात ठेवायची, डबे घरून आणलेले. सासूबाईंनी डबे मोजले आणि तिला म्हटलं, "नळ्याच पाहाच्या होत्या, तं आपल्या मोरीत का कमी होत्या?" हे ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची.

आणि तिचे पापुद्रे चालले. माझ्या जास्त उकळलेल्या नळ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्यांतून आलं, आणि मीठ अडलं. त्या दिवशी तिने खाली ठेवलेल्या काचपात्रातलं पाणी बोटाने चाटून पाहिलं. प्रयोगशाळेत असं करू नये, हे तिला मीच शिकवलं होतं. "गोड आहे सर," ती म्हणाली. मला आनंद झाला. त्या आनंदात कुठेतरी एक काटाही होता, तो मी तेव्हा पाहिला नाही.

उन्हाळा आला. प्रबंध लिहायला घ्यायच्या आधी बाहेरगावचे एक तज्ज्ञ काम पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर पापुद्रा चालवून दाखवायचा होता. ते यायच्या आदल्या दुपारी विभाला घरून फोन आला. तन्वीला लू लागली होती, अंग भाजत होतं, उलट्या चालू होत्या. विभाने ओढणीने तोंड बांधलं आणि दारातून वळून म्हणाली, "सर, डब्यातलं पाणी कमी झालं तं तेवढं टाकाल. डिस्टिल्डच टाकाल."

मी हो म्हटलं.

ती गेल्यावर मी डबे उघडले. उन्हाने पाणी उबट झालं होतं, वर किंचित बुरशी धरल्यासारखा तवंग होता, वास येत होता. उद्या पाहुणे येणार आणि आपल्या टेबलावर श्रीखंडाचे वास मारणारे डबे. माझी आई पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं घासून, पुसून, उन्हात पालथं घालायची. ओलं भांडं पाहुण्यापुढे ठेवणं तिला अपमान वाटायचा. आणि मे महिना म्हणजे आमच्या घरी वाळवणाचा. गच्चीवर धुतलेलं जुनं धोतर अंथरायचं, त्यावर कुरडया, तांदळाचे पापड, सांडगे. कावळे हाकलायला लहानपणी मी काठी घेऊन बसायचो. नौतपाच्या झळेत सकाळी घातलेलं दुपारी कडकडीत. जे वाळलं ते वर्षभर टिकलं, जे ओलं राहिलं ते नासलं, हे माझ्या हातांना शाळेच्या आधीपासून माहीत होतं.

ते हातच पुढे झाले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं असं, की हात माझे होते. मी टिपकागद अंथरले, पापुद्रे एकेक करून चिमट्याने उचलले, स्वच्छ पाण्यात बुचकळले आणि खिडकीशी वाळत घातले. खिडकी उघडली. झळ आत आली. हळूहळू त्यांच्या कडा वर वळल्या, अगदी पापडासारख्या. मला ते पाहून समाधान वाटलं. डबे मी साबणाने धुतले. संध्याकाळी ताजं पाणी भरून पापुद्रे परत आत ठेवले. ते पुन्हा सपाट झाले. बघणाऱ्याला काही फरक कळला नसता.

पाणी आपल्या जागेवरून निघून जातं तेव्हा मुकाट जात नाही. बारीक छिद्रातून सुकत जाणारं पाणी दोन्हीकडच्या भिंतींना जवळ ओढत जातं, आणि भिंती मऊ असल्या तर त्या एकमेकींना चिकटतात. मग वरून कितीही पाणी घाला, त्या उघडत नाहीत. नळ्या होत्या तशाच राहिल्या, पण त्यांना धरून ठेवणारा पडदा आतून मिटला. हे मला माहीत होतं का? पुस्तकात वाचलं होतं. विभाने एकदा सांगितलंही होतं. त्या दुपारी आठवलं नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभा आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण तन्वीचा ताप उतरला होता आणि तिने इस्त्रीची साडी नेसली होती. डबे पाहून म्हणाली, "सर, तुम्ही धुतले? अहो, मी केलं असतं ना." तिला संकोच वाटला. तिने पापुद्रा स्टीलच्या पात्रात बसवला, वरून खारं पाणी, त्यावर सिलिंडरचा दाब. खाली काचपात्र. तज्ज्ञ सभ्य गृहस्थ होते, रुमालाने मान पुसत खुर्चीवर बसले.

थेंब पडला नाही. तिने दाब वाढवला. एक थेंब लोंबला, तिथेच राहिला. तिने दुसरा पापुद्रा बसवला, मग तिसरा. खोलीत कुलरचा आवाज होता.

"मैडम, पानी तो चल ही नहीं रहा," तज्ज्ञ म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फिर पहले इतना कैसे आया था?"

मला पहिल्या पापुद्र्यालाच समजलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मैंने सुखा दिया, साहब. एवढंच. ते हसले असते, नवीन बनवून दाखवा म्हणाले असते. पण आयुष्यभर शिकवलेला माणूस आपल्या विद्यार्थिनीसमोर, बाहेरच्या माणसासमोर, मी पापडासारखे वाळत घातले, असं कसं म्हणणार? माझ्या तोंडून दुसरंच वाक्य निघालं.

"पहले वाले में कहीं किनारे से लीक रहा होगा."

विभाने माझ्याकडे वळून पाहिलं. मग हळू आवाजात, मराठीत, फक्त मला कळावं म्हणून ती म्हणाली, "सर, पण मीठ अडलं होतं ना? लीक असतं तं मीठ नसतं का आलं?"

तिचा मुद्दा पक्का होता. गळक्या पडद्यातून पाण्याबरोबर मीठही येतं. मला ते कळत होतं, तिला ते कळत होतं, आणि त्या खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच होतो. तिने मला शेवटची संधी आमच्या घरच्या भाषेत दिली होती. मी काचपात्राकडे पाहत राहिलो.

"फिर से कर लीजिए," जाताना तज्ज्ञ तिला म्हणाले.

तिने पुन्हा केलं असतं. पण त्या जातीच्या नळ्या संपल्या होत्या, नव्या बाहेरून मागवाव्या लागणार होत्या आणि त्या मागणीवर सही माझी लागत होती. पावसाळाभर ती विचारत राहिली, "सर, नळ्यांचं काय झालं?" मी म्हणत राहिलो, बघू. मागवल्या असत्या तर तिचा पापुद्रा चालला असता. तो चालला असता तर मधल्या दुपारी काय झालं, हे कोणीतरी विचारलं असतं. मी मागवल्या नाहीत. एका दुपारची चूक मी पावसाळाभर रोज नव्याने केली, आणि यातली पहिली सोडली तर एकही चूक नव्हती, बाकी सगळं जाणूनबुजून होतं.

दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. सासूबाईंनी डबे परत मागवले, असं कोणीतरी हसत सांगितलं. पुढे ती शाळेत शिकवायला लागली. मी निवृत्त झालो, शाल मिळाली.

या वर्षी नौतपा लागायच्या आधी विभा आमच्या घरी आली. कोणाकडून तरी माझ्या आजाराचं कळलं होतं. केस पांढरे झालेत, चालणं तेच, घाईचं. हातात स्टीलचा डबा.

"कुरडया आहेत सर. यंदाच्याच. मीठ बिल्कुल नाही टाकलं, काकूंना फोनवर विचारून घेतलं होतं. फिक्या लागतील, पण चालतील."

मग माझा पेला पाहून म्हणाली, "एवढंच पाणी? तुम्ही तं आता पापुद्राच झाले सर."

मी हसलो. बायकोने तिला सरबत दिलं. इकडचं तिकडचं झालं. तन्वी बी.एस्सी. झाली होती, चांगल्या गुणांनी. पुण्याच्या एका संस्थेतून पुढच्या शिक्षणाला, संशोधनाला बोलावणं आलं होतं.

"मग पाठव ना," मी म्हणालो.

"नाही म्हटलं मी तिला." ती ग्लासातल्या सरबताकडे पाहून राहिली होती. "खूप रडली. पण हात माझाच आहे तिचा. मला वाटत होतं मी बरोबर करून राहिली, आणि पापुद्रा गळत होता. मला समजलंसुद्धा नाही. तिचंही तसंच झालं तं? त्यापेक्षा बी.एड. बरं. अजून हट्ट करून राहिली, पण ऐकेल."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असेल, कारण ती थांबली. मग घाईने म्हणाली, "सर, एक सांगायचं होतं, बरेच वर्षांपासून. त्या दिवशी त्या साहेबांसमोर माझ्यामुळे तुमची मान खाली गेली. तुम्ही मला एक शब्द बोलले नाहीत. मी तुमची माफी मागायलासुद्धा नाही आली. माफ कराल."

कुलर चालू होता. ते वाक्य तयार होतं, इतकी वर्षं तयार होतं.

मी म्हणालो, "जाऊ दे, विभा. झालं ते झालं."

मी तिला क्षमा केली.

"यांनी कधी मनात ठेवलं नाही हो," बायको म्हणाली. विभाने वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत गेली. त्या संध्याकाळी बायकोने कुरडया तळल्या. मी एक खाल्ली. मीठ नसलेली वस्तू किती वेळ तोंडात राहते, हे मला नव्हतं माहीत.

नंतर काही दिवस मी झोपलो नाही असं म्हणणार नाही. झोपलो. म्हातारी माणसं झोपतात. पण जाग आली की तन्वीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायचो, आणि तो मला ठाऊकच नव्हता. फोन हातात घेऊन ठेवून दिला. शेवटी डबा परत करायचं निमित्त काढलं. डबा रिकामा देऊ नये म्हणून बायकोने त्यात साखर भरली. ऐन नौतपात, दुपारी, मदन महल स्टेशनच्या पलीकडल्या त्यांच्या घरी ऑटोने गेलो. जाताना वाक्य पाठ केलं, आधी मराठीत, मग उगाच हिंदीतही.

दार तन्वीने उघडलं. विभासारखंच कपाळ. मी नाव सांगितलं.

"मम्मी स्कूल गई हैं, रिजल्ट का काम है. आप बैठिए ना, आजोबा." मराठी तिला कळते, बोलता येत नाही. 'आजोबा' तेवढं मराठी.

मी न विचारता तिने माठातलं पाणी आणून दिलं. मोठा, काठोकाठ भरलेला ग्लास. बाहेरून थेंब धरलेले, वाळ्याचा वास. मला ते चालत नव्हतं, हे तिला काय माहीत. मी विचारलं, "पुण्याचं काय ठरलं गं?"

ती जरा हसली. "वो तो मना कर दिया. बी.एड. का फॉर्म भर दिया कल. मम्मी सही कहती हैं, मेरे हाथ में वो बात नहीं है."

तिला सांगू शकलो असतो. तुझ्या आईचा हात सोन्यासारखा आहे, आणि तो तुझ्याकडे आला आहे. पण तेवढ्यात तिने विचारलं, "मम्मी से क्या काम था, आजोबा?"

आणि मी ग्लास तोंडाला लावला. तोंडात पाणी असेपर्यंत बोलावं लागत नाही. मी ते सगळं पाणी प्यालो, एका दमात, घशातून ते खाली जाताना मला कळत होतं, इतकं गार, इतकं गोड. कितीतरी दिवसांत असं पाणी प्यालो नव्हतो. रिकामा ग्लास खाली ठेवला.

"कुछ नहीं, बेटा. डब्बा लौटाना था."

पुढच्या डायलिसिसला वजनकाट्यावर ते पाणी दिसलं. "बाबूजी, पानी ज्यादा हो गया इस बार," ते रागावले, आणि मशीन जास्त वेळ चाललं, पायात गोळे आले. विभाच्या घरचं पाणी त्यांनी माझ्यातून थेंब थेंब काढून घेतलं. मी छताकडे पाहत ते वाक्य पुन्हा जुळवत होतो. इथे लिहितो, कारण तोंडाने मला ते जमणार नाही, हे आता सिद्ध झालं आहे. विभा मराठी वाचते. वाचेल की नाही, वेळेवर वाचेल की नाही, माहीत नाही.

विभा, तुझा पापुद्रा गळत नव्हता. तू तन्वीच्या उशाशी बसली होतीस त्या दुपारी मी तो खिडकीत वाळत घातला, आणि दुसऱ्या दिवशी खोटं बोललो. या उन्हाळ्यात तू माझी माफी मागितलीस, तीही मी घेतली. तन्वीला जाऊ दे. आणि तू मला मराठीत विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं आहे. आलं असतं, विभा. लीक असतं तर मीठ आलं असतं. माझं चुकलं. मला माफ कर.